रस्ता आपला झाला, उंबरा कुणाचा?

रविवारच्या पुरवण्यांना अधूनमधून एक उमाळा येतो. मुंबई-पुण्यात जीव घुसमटला की त्यांना लहान गावं आठवतात. जुनी, ऐतिहासिक, टुमदार. नदी पाहिजे, नदीला घाट पाहिजे, दगडी वाडा पाहिजे, डोक्यावर किल्ला पाहिजे. मंडई, देऊळ, वाचनालय, चहाची टपरी सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. गाडी नको, धूर नको. मग कुणीतरी लिहून मोकळा होतो : वाईला जा, साताऱ्याला जा, सांगली-मिरजेला जा, उरलेलं आयुष्य तिथं काढा.

वाचून आपल्यातलीही पोरं हुरळतात. मीही हुरळलो होतो. म्हणून हे लिहितोय.

आधी एक कबूल करून टाकू. गावं देखणी आहेत, खोटं कशाला बोला! १७०८ साली शाहू छत्रपतींचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला राजधानी वसली. पेठांना वारांची नावं. सोमवारातनं निघालं की शनिवारात पोचायला आठवडा लागत नाही, पंधरा-वीस मिनिटं पुरतात. राजवाड्यापासून पोवई नाक्याकडं दोन रस्ते, वरचा आणि खालचा. कुठल्याही बोळातनं वर बघा, किल्ला दिसतोच. वाईला कृष्णेचे घाट, घाटावर रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेला ढोल्या गणपती. सांगलीला हळदीच्या पेठेचा वास, १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते हेच गाव. मिरजेला सतारमेकर गल्ली. भोपळे वाळत पडलेले, आत कुणीतरी तारा पिळतोय. ही सगळी गावं पायाखाली घालता येतात. ज्याच्याकडं गाडी नाही त्याला तर ही गावं देवासारखी. आणि आपल्यातल्या कितीजणांकडं गाडी असती?

पण मित्रा, एक सवाल राहतो. या देखण्या गावात पायी कोण चालत होतं, आणि कुठवर?

जुन्या गावाचा नकाशा म्हणजे जातीचाच नकाशा. आळी कुणाची, पेठ कुणाची, घाट कुणाचा, पाणोठा कुणाचा, सगळं ठरलेलं. मधोमध देऊळ आणि वाडे, मग व्यापारी, मग कारागीर, आणि वेशीच्या बाहेर आपण. पुरवणीवाला ज्याला टुमदार म्हणतो ती ही रचना. गाव आटोपशीर राहिलं, कारण आपण त्या मापात धरलेलो नव्हतो.

दुसरी गोष्ट. जे गाव पायी फिरता येण्याइतकं लहान असतं, ते तुला ओळखून काढण्याइतकंही लहान असतं. मुंबईच्या लोकलमधी कोण कुणाचा हे विचारायला कुणाला सवड नाही. इथं सवडच सवड. पहिल्या दिवशी चहावाला विचारतो, "पाव्हणं कुठलं?" दुसऱ्या दिवशी विचारतो, "आडनाव काय म्हणायचं?" तिसऱ्या दिवशी विचारत नाही. त्याला कळलेलं असतं.

साताऱ्याच्या या देखण्या रस्त्यांवरून एक पोरगा चालत गेला होता. ७ नोव्हेंबर १९०० ला राजवाड्यातल्या सरकारी शाळेत त्याचं नाव पडलं. आजचं प्रतापसिंह हायस्कूल ते. रजिस्टरात १९१४ क्रमांकासमोर भिवा रामजी आंबेडकर. तो दिवस २०१७ पासून महाराष्ट्र सरकार विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. हार घालतात, भाषणं करतात. त्या पोरानं पुढं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय ते भाषणात कुणी नीट सांगत नाही. शाळेत त्याला वेगळं बसावं लागायचं, स्वतःच्या गोणपाटावर. झाडलोट करणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावायचा नाही, म्हणून ते रोज घरी न्यायचं, रोज आणायचं. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपायानं नळ सोडायचा. शिपाई नाही तर पाणी नाही. गावात न्हावी होते, पैसे देण्याची ऐपतही होती, पण न्हावी केस कापायचे नाहीत. मोठी बहीण कापायची. याच साताऱ्यात त्याची आई, भीमाबाई, मातीत गेली.

ही झाली राजधानीची गोष्ट. १९०१ मध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीत तो, भाऊ आणि बहिणीची पोरं वडिलांकडं निघाली. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावरच्या तलावाला खजिनदार. पोरांनी नवे कपडे घातले, नवे बूट, जरीच्या टोप्या. मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला माणूस आला नव्हता. स्टेशनमास्तरनं चौकशी केली, पोरांनी आपण महार म्हणून सांगितलं, आणि मास्तरचा चेहरा पालटला. गाडीवाले दुप्पट भाडं मोजूनही तयार होईनात. शेवटी एक तयार झाला. अट काय, तर गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूनं चालणार. दुप्पट पैसे घेऊन पायी चालायला तयार, पण शेजारी बसायला नाही! बरोबर डबा होता, पाणी नव्हतं. रातभर पाणी मिळालं नाही.

चालण्याजोगा मुलूख म्हणजे काय, ते त्या पोराला नवव्या-दहाव्या वर्षी कळलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, हे झालं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं. खरंय. मधे खूप पाणी वाहून गेलं. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये याच साताऱ्यात बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. १९५० मध्ये संविधान आलं. पंधराव्या कलमात लिहिलंय, दुकान, हॉटेल, विहीर, तळं, स्नानाचा घाट, रस्ता, कुठंही जातीवरून कुणाला अडवायचं नाही. म्हणजे वाईचा घाट आपला झाला. साताऱ्याचा वरचा रस्ता आपला झाला, खालचाही आपलाच. पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत छाती काढून चाल, कुणाच्या बापाची ताकद नाही अडवायची.

पण रस्त्याच्या कडेला घर असतं. घराला ओटा असतो, ओट्याला पायऱ्या असतात, वर उंबरा असतो. मी ते अंतर चालून बघितलंय. रस्त्यापासून उंबरा जेमतेम सहा पावलं. ती सहा पावलं काही सरत नाहीत.

काही वर्षांपूर्वी माझी साताऱ्याला बदली झाली. मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेला. आजा माण तालुक्यातनं दुष्काळात मुंबईला आला, पायी. सातारा म्हणजे त्याचा मुलूख. वाटलं, आपण परत निघालो. तो उपाशी गेला, आपण पगार घेऊन चाललो. झक्क वाड्यात खोली घेऊ, पायी कामावर जाऊ, संध्याकाळी चार भिंतीवर जाऊन बसू.

माझं आडनाव असं आहे, की सातारा-सांगलीत ते सांगितल्यावर पुढं काही विचारावं लागत नाही. पहिल्या वाड्यावर पाटी होती, खोली भाड्याने देणे आहे. मालकांनी प्रेमानं आत बोलावलं, ओट्यावर बसवलं, नाव विचारलं. मी सांगितलं. "अरेरे, कालच दिली हो!" म्हणाले. आठ दिवसांनी तिथनं गेलो, पाटी तशीच. दुसरीकडं विचारलं, "शाकाहारी का?" मी म्हणालो, खोलीत शिजवणार नाही, खानावळीत जेवीन. तर म्हणाले, "प्रश्न शिजवण्याचा नाही." मग कशाचा, ते काही बोलले नाहीत. तिसरीकडं मालकीणबाई फार गोड. म्हणाल्या, "आम्ही नाही हो मानत काही, पण शेजारी काय म्हणतील?" शेजाऱ्याकडं गेलो असतो तर त्यानंही शेजाऱ्याचंच नाव सांगितलं असतं. साला, सगळ्या पेठेत जात मानणारा एकही माणूस नाही. सगळे शेजाऱ्याला भितात.

चौथ्या वाड्यावर मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलं नाही. आडनाव विचारलं तेव्हा मी गावाच्या नावाला 'कर' लावला आणि सांगून टाकलं. खोटं नव्हतं, गाव आमचंच. पण कशासाठी सांगतोय ते मला माहीत होतं. मालकांनी त्यातनं जे समजायचं ते समजून घेतलं. कागद ना पत्र, तोंडी व्यवहार. खोली मिळाली.

काय खोली होती! माडीवर, खिडकीतनं किल्ला. कामाची जागा सात मिनिटांवर, मंडई पाच. सकाळी पायी, संध्याकाळी पायी. पुरवणीत लिहितात त्यातलं एकूण एक खरं होतं. मी चार महिने तिथं राहिलो. चार महिने बाबासाहेबांची तसबीर ट्रंकेत होती, टॉवेलात गुंडाळलेली. दोस्तांना पत्ता दिला नाही. जिन्यात कुणी भेटलं की मान आपोआप खाली जायची. एकदा रात्री ट्रंक उघडली आणि तशीच मिटली.

आई आली मुंबईहून. खोलीत चारी बाजूला बघितलं. म्हणाली,

"तसबीर कुठं हाय?"

"ट्रंकेत."

बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुझा आजा पायी मम्बईला गेला, त्यो काय तोंड लपवाया गेला व्हता?" आणि संध्याकाळच्या एसटीनं परत गेली. जेवलीपण नाही.

त्याच रात्री मी खिळा ठोकला. दोन दिवसांनी मालक वर आले, भिंतीकडं बघितलं, पाणी पिऊन गेले. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलाचं लग्न निघालं, खोली लागणार होती. त्या मुलाचं लग्न अजून व्हायचंय.

बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. कोलंबिया आणि लंडन शिकून आलेला माणूस, पण शहरात राहायला जागा नाही. पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव वहीत घालून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला घोळका आला. दोन मित्रांकडं आसरा मागितला, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही सोयीची कारणं सांगितली. मग बागेत बसून राहिले रात्रीच्या गाडीपर्यंत. हे सगळं त्यांनी लिहिलंय, वहीतल्या खोट्या नावासकट. त्यांनी लपवलं नाही. मी लपवलं, म्हणून आज इथं ओकून टाकतोय. आपल्यातले कितीतरीजण आज असेच टुमदार पेठांत राहतात, ट्रंका बंद करून. त्यांना मी हसत नाही. त्यांना विचारतो, झोप लागते का?

कायदा नाही असं नाही. १९५५ च्या कायद्यात साफ लिहिलंय, अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला कुठल्याही वस्तीत घर बांधायला, घ्यायला, राहायला आडकाठी केली तर गुन्हा. पण 'कालच दिली हो' हा गुन्हा सिद्ध कसा करायचा? काठी घेऊन आलेला माणूस दिसतो. लग्न काढणारा दिसत नाही. वर २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सांगितलं, की सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवायचा नियम सहकारी सोसायटीला करता येतो. म्हणजे वाडा पाडून अपार्टमेंट उभं राहिलं तरी उंबरा जागेवरच.

सरकारनं काय केलं? डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं, वस्त्यांची जातिवाचक नावं काढायची, समतानगर, भीमनगर अशी नावं द्यायची. चांगलं केलं. पण पाटी बदलली म्हणून वस्ती पेठेत सरकली नाही. ती होती तिथंच आहे. आता आपला पत्ता ऐकायला बरा वाटतो, एवढंच.

हे फक्त आपल्याकडंच असंही नाही. युरोपातली जुनी शहरं पायी फिरायला म्हणून लोक लाखो रुपये खर्चून जातात. त्यातलं सगळ्यात देखणं व्हेनिस. तिथं १५१६ मध्ये ज्यूंना एका कोपऱ्यात कोंबलं, रात्री दारं बंद. 'घेटो' हा शब्दच तिथला. दारं मोडली १७९७ मध्ये, नेपोलियनच्या फौजा आल्या तेव्हा. आज तिथं प्रवासी फोटो काढतात. अमेरिकेत काळ्यांना घर नाकारणं कायद्यानं बंद व्हायला १९६८ साल उजाडलं, मार्टिन ल्यूथर किंगचा खून पडला आणि आठवड्यात कायदा सही झाला. तिथल्या कार्यकर्त्यांनी नंतर एक युक्ती केली, ती शिकण्यासारखी आहे. एकाच घरावर दोघांना पाठवायचं, एक काळा, एक गोरा; पगार सारखा, चौकशी सारखी. काळ्याला 'भरली' आणि गोऱ्याला 'या की' म्हणाले की झाला पुरावा. शेजाऱ्याचं नाव सांगायला जागाच राहत नाही.

साताऱ्यानंतर मी सांगलीला गेलो. तिथं ठरवलं, पहिलं वाक्य आडनावाचं. दारात उभं राहूनच सांगायचं, चपला काढायच्या आधी. बरीच दारं मिटली, वेळ वाचला. सांगलीतली माणसं पावसाळ्यात एकमेकांना विचारतात, "आयर्विनला किती?" १९२९ चा तो पूल, त्याच्यावरचे फूट म्हणजे गावाची नाडी. पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. तेव्हा कृष्णेनं आडनाव विचारलं नाही, बाजारपेठेत शिरली, वाड्यांत शिरली. पण पाणी आधी कुणाच्या चुलीत शिरतं? नदीकाठच्या प्लॉटांतल्या, सखल भागातल्या गरिबांच्या. नावाडी हात देतो तेव्हा तो कुणाचा, हे त्या चार दिवसांत कुणी विचारत नाही. पाणी ओसरलं, चिखल धुतला, की पुन्हा प्रश्न सुरू.

मला खोली मिळाली मिरजेत, एका सतारवाल्याच्या माडीवर. मी पूर्ण नाव सांगितलं. तो म्हणाला, "पहाटेपासनं ठोकाठोक असती आमची. झोपमोड होईल. चालंल?" बस्स. एवढंच विचारलं. घर देणाऱ्यानं विचारायचा प्रश्न असा असतो, हे मला तेव्हा कळलं. त्याच मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याचा उरूस भरतो, आणि पहिल्या गलेफाचा मान चर्मकार समाजाचा. शतकानुशतकं वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाच्या हातची चादर आधी चढते. मिरज म्हणजे स्वर्ग असं मी म्हणत नाही. २००९ मध्ये याच गावात दंगल पेटली होती, तेव्हा आपापल्या गल्लीबाहेर पाय टाकायला माणसं भीत होती. पण दारात मान कुणाला द्यायचा हे माणसंच ठरवतात, आणि वेगळं ठरवता येतं, एवढं या गावानं मला दाखवलं.

आता आपल्याच दोस्तांचं म्हणणं. ते म्हणतात, कशाला त्या पेठांच्या नादी लागतो? गावाबाहेर प्लॉट घे, आपल्यात राहा, तसबीर दर्शनी भिंतीवर लाव, जयंतीला डीजे लाव. मला हे कळतं. रोज रोज मान खाली घालण्यापेक्षा ते बरं. पण त्या प्लॉटांची काय गत आहे? सांगलीच्या गुंठेवारीत पावसाळ्यात चालून बघ, बूट चिखलात राहतो. वाचनालय गावात, दवाखाना गावात, कॉलेज गावात. रिक्षाला पैसे मोज. म्हणजे वेशीबाहेर राहायचं आणि वर स्वतःच्या खिशातनं भाडं भरून गावात यायचं. आज्याला हाकललं होतं. आपण हप्ते भरून स्वतःच जायचं का?

वाटेगावचं एक पोरगं बापाबरोबर पायी मुंबईला गेलं, पुढं अण्णा भाऊ साठे झालं. आपले बापजादे या मुलखातनं चालत बाहेर पडले, तेव्हा त्यांना शहर निवडायचं नव्हतं, जगायचं होतं. आपल्याला आज निवडता येतं. ही लहान गोष्ट नाही. मग निवडताना किल्ला दिसतो का, घाट आहे का, एवढंच बघायचं का?

आणि उंबरा फक्त त्यांचाच बघू नका. आपल्यातले साहेब झाले, त्यांनी साताऱ्यात, सांगलीत बंगले बांधले, वर दोन-दोन खोल्या भाड्याला काढल्या. तिथं मातंगाचं पोरगं खोली मागायला आलं तर? चर्मकाराचं आलं तर? भटक्या जमातीतलं आलं तर? 'कालच दिली हो' आपल्या तोंडातनं निघतं का नाही? मी ऐकलंय. बौद्धाच्या तोंडून ऐकलंय, जयभीम घालून मग ऐकलंय. त्या दिवशी मला साताऱ्याच्या मालकांची आठवण आली, आणि लाज त्यांची नाही वाटली.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. जुन्या गावांत जा. जरूर जा. पेठेतच खोली मागा, नदीकाठीच मागा, सगळं पायी जवळ पडेल अशीच मागा. ते गाव आपल्याही घामावर उभं आहे. पण पहिल्या वाक्यात आडनाव सांगा. एकटे जाऊ नका, दोघं जा. एकाला नाही म्हणाले की तासाभरानं दुसऱ्या आडनावाचा दोस्त पाठवा, आणि काय घडलं ते तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. दहा-वीस अशा नोंदी झाल्या की मग बघू, किती मुलांची लग्नं निघतात ते. आणि तुमची स्वतःची खोली असेल तर भाडं विचारा, ठोकाठोक चालेल का विचारा. तिसरा प्रश्न विचारू नका.

साताऱ्यातली ती माडी आजही मला आठवते. खिडकीतला किल्ला आठवतो. एवढ्या चांगल्या खोलीत मी चार महिने चोरासारखा राहिलो, त्याचा राग येतो. ती खोली परत पाहिजे. या वेळी तसबिरीसकट, माझ्या नावानं.

जय भीम.